एका ‘आर’ने घात केला

वेल्सच्या उत्तरेला कायर्नारवॉन म्हणून किल्ल्याचं गाव आहे. नवऱ्याच्या नोकरीपायी तिथे आलो आणि मला एका वृद्धाश्रमात काम मिळालं. ‘तिकडे सगळ्यांना इंग्रजी येतं गं,’ असं निघताना जो तो म्हणाला होता. येतंच. पण त्या ग्विनेध परगण्यात शंभरातल्या चौसष्ट जणांना वेल्श येतं अशी 2021 च्या जनगणनेत नोंद आहे, आणि विसरायला लागलेल्या आजी-आजोबांचं इंग्रजी आधी गळतं, वेल्श मागे राहतं. चहात साखर किती, एवढं विचारायला मला रोज कुणाला तरी हाक मारावी लागायची. शेवटी लाज वाटून मंगळवारी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या पायरीचं नाव ‘मनेद्याद’, म्हणजे प्रवेश.

सुरुवातीलाच दिनक्रम. किती वाजता उठता, काय खाता, कामावर कसे जाता. ‘द्वीन कोदी आम साइथ ओर ग्लोख’ म्हणजे मी सात वाजता उठते. आठवडाभर मी हे एकच वाक्य बसमध्ये पुटपुटत होते आणि वेल्श सोपी आहे असं घरी सांगत होते. मग बाईंनी विचारलं, घरी किती वाजता येता? मी चारला येते. चार म्हणजे ‘पेदवार’. पण ‘वाजता’साठीचा ‘आम’ आधी लागला की त्याचा होतो ‘बेदवार’. पाचाचा ‘पिम्प’ होतो ‘बिम्प’, दहाचा ‘देग’ होतो ‘धेग’ (हा ध आपला नव्हे, जिभेचं टोक दातांत धरून काढायचा, वहीत लिहायला दुसरं अक्षर नव्हतं). साताला काही होत नाही. मी नेमकी सातला उठणारी, म्हणून इतके दिवस सुखात होते.

वर्गातले इंग्रज यावर फार करवादायचे. मला तेवढं वाईट वाटलं नाही. आपल्याकडे घोडा ‘घोड्याला’ होतो, पाणी ‘पाण्यात’ होतं. शब्दाची शेपटी बदलते. यांच्याकडे तोंड बदलतं, इतकंच. घड्याळाच्या धड्यात तर मी चक्क पुढे गेले. अकरा वाजता म्हणजे ‘ईन आर धेग’, दहावर एक. पंचवीस मिनिटं म्हणजे ‘पिम मिनिद आर हिगाइन’, विसावर पाच. बाकीचे डोकं धरून बसले होते. मला त्यात सरळ आपलं पंचवीस दिसत होतं, आधी पाच आणि मग वीस.

‘हो’ला मात्र सगळीकडे चालणारा एक शब्द नाही. प्रश्नात जे क्रियापद, तेच उत्तरात. दिनक्रमाच्या प्रश्नांना ‘अदू’ म्हणजे हो, ‘नाग अदू’ म्हणजे नाही. ‘जेवलीस का?’ला ‘जेवले’ म्हणणाऱ्या माणसाला हे जड जायला नको.

जड गेलं ते वेगळंच. ‘द्वीन अवेद ते’ म्हणजे मी चहा पिते, आणि मी चहा पितेय, दोन्ही. रोजची सवय आणि आत्ताचं काम एकाच वाक्यात. मराठीत ‘पिते’ आणि ‘पितेय’ एवढे वेगळे कान तयार झालेले, की दरवेळी मी मनात विचारायची, कुठलं म्हणताय?

आणि याच ठिकाणी मी आपटले. शेजारच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, माझ्याशी हट्टाने वेल्शच बोलायच्या. एका बुधवारी कुंपणावरून म्हणाल्या, ‘दाख खीन ग्वाइथ्यो धीध सादूर्न?’ काम, शनिवार. शनिवारी मला सुट्टी असते. मी मोठ्या ऐटीत ‘नाग अदू!’ म्हटलं आणि त्या खूश होऊन आत गेल्या. त्या शनिवारी मी बदली ड्युटीवर होते. संध्याकाळी परतले तर दारात कागदात गुंडाळलेला बारा ब्रीथ. चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा हा पाव आजींनी माझ्यासाठी केला होता. अकरा वाजता येऊन, बराच वेळ बेल वाजवून त्या परत गेल्या होत्या.

मंगळवारी वर्गात सांगितल्यावर बाई हसून फळ्याकडे वळल्या. ‘धीध सादूर्न’ म्हणजे येत्या शनिवारी. ‘आर धीध सादूर्न’ म्हणजे शनिवारी-शनिवारी. म्हणजे घड्याळात एवढा लाडका झालेला तो ‘आर’ आजींच्या प्रश्नात नव्हता, आणि मी तो मनाने घातला होता. आपण दोन्हीला ‘शनिवारी’च म्हणतो आणि संदर्भावर सोडून देतो, त्यामुळे तिथे काही ऐकायचं असतं हेच माझ्या कानाला माहीत नव्हतं. मग महिनाभर मी सगळे वार दोन-दोनदा म्हणत होते. नवरा वैतागला.

तोंडी परीक्षेत सुट्टीच्या दिवशी काय करता हे विचारलंच. ‘आर’वर असा जोर दिला की परीक्षक बाई दचकल्या असाव्यात. पास झाले. वृद्धाश्रमात साखरेचं आता मीच विचारते.

आजी अजून पाव करतात. फक्त आता विचारताना शेवटी ‘अमा’ जोडतात, म्हणजे ‘या’ शनिवारी, आणि बोटाने माझ्या दाराकडे दाखवतात.