पाच मिलिमीटर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. परवा एक जिम्नी, मारुती सुझुकीची छोटी एसयूव्ही, सर्व्हिसिंगला आली. सोबत मालकांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. गाडी रॅम्पवर चढली तसं पोरानं खिशातून बोटभर लांबीची डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूची, जिम्नी काढली. "काका, ही गाडी चुकलीय. माझ्या जिम्नीला बाजूला एकेकच दरवाजा आहे."

मालक हसले. पोराचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. खेळणं 2018 साली जपानात आलेल्या तीनदारी गाडीवरून केलेलं. तीनदारी गाडी 2021 पासून गुरुग्राममध्येही बनते, पण परदेशी पाठवायला. आपल्याकडे 2023 मध्ये आली ती लांब केलेली पाचदारी. (मागचा दरवाजाही मोजतात, हे पोराला पटेना.)

खेळण्याच्या पोटावर 1:64 असं उमटवलेलं होतं. ब्रेक डिस्क मोजायचा व्हर्नियर हातातच होता. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंत लावला: 35 मिलिमीटर. खऱ्या तीनदारीचा व्हीलबेस 2250, भागिले 64, बरोबर जुळलं. आपल्या पाचदारीचा 2590, म्हणजे खेळण्याच्या मापात साडेचाळीस. "तुझ्या गाडीत पाच मिलिमीटर घाल, की झाली बाबांची."

बाकी खेळणं इमानदार होतं. गोल दिवे, त्यांच्या शेजारी वेगळे गोल इंडिकेटर, जाळीच्या पाच उभ्या फटी, मागचे दिवे खाली बंपरात. पोट तेवढं सपाट. खऱ्या गाडीखाली उभं करून मी त्याला लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीसारखा सांगाडा, आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पुढचा-मागचा अखंड अ‍ॅक्सल दाखवला. हल्लीच्या छोट्या एसयूव्हींत हे दोन्ही शोधून सापडत नाही.

"मग मधे कापून वेल्डिंग करूया?"

कोल्हापूरकराला ओतकाम सांगावं लागत नाही, पण हे आपल्या फौंड्रीतलं बीड नव्हे, जस्ताचा मिश्रधातू. वेल्डिंगची ज्योत लागली की जोड बसायच्या आधी गाडीच वितळेल. त्यानं घाईघाईनं ती खिशात घातली.

गाडी खाली उतरवल्यावर त्यानं टेप मागितली. पुढच्या चाकाशी तो, मागच्याशी मी. आकडा मी मोठ्यानं वाचला, "2595."

"पाच मिलिमीटर जास्त!" तो ओरडला. "काका, अजून एक दरवाजा बसेल!"

टेप मधे लोंबत होती.