कॅमेरेवाल्याच्या घरात कॅमेरा का नाही

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात चहाला थांबणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला: "गावभर कॅमेरे लावत सुटलाय, मग स्वतःच्या घरात एकपण का नाही वो?" दारावर आहे एक, रस्त्याकडे तोंड करून. आत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगताना अब्रू माझीच जाणार आहे.

माझ्याकडे एक वही होती. टिळकवाडीपासून खानापुरापर्यंत जिथं डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा बसवला, तिथला पासवर्ड तिच्यात. खरं तर वहीचीही गरज नव्हती, कारण पन्नासेक घरांना पासवर्ड एकच. गिऱ्हाईक पासवर्ड विसरणार आणि भर पावसात खानापूरकडच्या आडगावात बोलावणार, त्यापेक्षा हे बरं. वायफायच्या कॅमेऱ्यांत तर आणखी सोपं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये, कॅमेरा पहिल्यांदा जो आपल्या खात्यावर जोडतो तोच मालक ठरतो. म्हाताऱ्यांना ईमेल कुठं विचारत बसा, म्हणून मी माझ्याच मोबाइलवर जोडायचो आणि त्यांना 'शेअर' करून द्यायचो. भिंत त्यांची, पैसे त्यांचे, मालक मी. उघडून कधी बघितलं नाही, पण त्याला पुरावा माझ्या शब्दाचाच.

ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास धड चालेनात. या साइटींचे इंटरनेटवरचे पत्ते सांगणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर खोट्या विनंत्यांची गर्दी लोटली होती, आणि ती करणाऱ्यांत लोकांच्या घरचेच कॅमेरे, डीव्हीआर, राउटर होते. मिराई नावाचा प्रोग्रॅम त्यांत शिरलेला. शिरायला त्याच्याकडे हत्यार काय, तर कारखान्यातून येणाऱ्या साठेक नावं-पासवर्डांची यादी. ती मी पुढं कधीतरी वाचली. त्यातल्या बऱ्याच जोड्या मला पाठ होत्या.

आता २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी तपासणीची सक्ती आहे. चांगलंच आहे. पण माझी वही कोण तपासणार होतं? ती मी बंबात घातली. त्याआधी घरोघरी जाऊन पासवर्ड बदलून दिले, फुकट. दोघातिघांनी "जुनाच राहू दे की" म्हणून परत पाठवलं.

त्याच सुमाराचे वडगावातले एक निवृत्त मास्तर. मुलगा पुण्याला. त्यानं फोनवरूनच सांगून हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतलेला. काळजीपोटी, त्यात खोट नाही. पंधरा दिवसांत मास्तरांचा निरोप, "बिघडलाय." जाऊन बघतो तर कॅमेऱ्यावर पंचा. म्हणाले, "दुपारी बनियनवर जरा पडलो की भिंतीतनं आवाज येतो, बाबा, गोळी घेतली का? आधी रोज फोन यायचा बघ त्याचा. आता बघूनच भागतंय त्याला."

२०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा घरगुती वापराला लागूच नाही, आणि असता तरी मास्तर काय पोरावर केस करणार होते? मी कॅमेरा काढून दारावर लावला, माझ्या खात्यातून पुसला, त्यांच्या मोबाइलवर जोडला. मुलाला 'शेअर' करायचं की नाही ते मास्तरांनी ठरवायचं. संध्याकाळी त्याचा मला फोन आला, बराच तापलेला होता. मी "मास्तरांना विचारा" एवढंच म्हटलं. घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं, तर म्हणाली, आपल्या हॉलमध्ये असला असता तर मी पंचा नाही, घोंगडं टाकलं असतं.

पासवर्ड घालायच्या वेळी मास्तर म्हणाले, "तिकडं तोंड कर." केलं. पण आयुष्यभर फळ्यावर लिहिताना म्हणत लिहायची सवय. एकेक अक्षर, एकेक आकडा, खणखणीत आवाजात.