ऐकू न आलेले नाव

‘द अनटेम्ड’ या २०१९ सालच्या चिनी मालिकेत एक प्रसंग आहे. गुहेत अडकलेल्या, तापाने फणफणलेल्या वेई वूश्येनजवळ बसून लान वांगजी एक धून गुणगुणतो. तिचे नाव विचारल्यावर त्याचे ओठ हलतात, पण शब्द ऐकू येत नाही. उपशीर्षकांच्या आधाराने पाहणाऱ्या मला तो आधी ध्वनिमुद्रणातला दोष वाटला. चिनी प्रेक्षकांनी मात्र ओठांवरून नाव वाचले होते : ‘वांगश्येन’, म्हणजे दोघांच्या नावांतील एकेक अक्षर जोडून झालेला शब्द.

मालिकेची मूळ कादंबरी ‘दानमेई’ प्रकारातली, म्हणजे पुरुषांमधील प्रेमाच्या, प्रामुख्याने स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या कथांपैकी. तिथे हे दोघे प्रियकर आहेत. सेन्सॉरच्या धाकाने पडद्यावर ते एकमेकांचे मन जाणणारे सखे एवढेच उरतात. अशा सोवळ्या केलेल्या नात्यांना तिथले प्रेक्षक ‘समाजवादी बंधुभाव’ म्हणतात आणि नजरेतून, स्पर्शातून निसटलेल्या प्रेमाच्या खुणांना ‘साखर’. ती वेचणाऱ्या स्त्रिया स्वतःला ‘फूनू’, म्हणजे ‘सडलेल्या बायका’, म्हणवून घेतात. जपानीतून आलेले हे दूषण त्यांनी आपणहून मिरवले. आपल्या काव्यशास्त्रात ज्याला ध्वनी म्हणतात, त्या न उच्चारलेल्या अर्थाचे इतके रसिक वाचक मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहेत.

या रसिकतेभोवती भीतीही आहे. पुरुषांमधील संबंधांची कामुक वर्णने असलेली कादंबरी छापून विकल्याबद्दल २०१८ मध्ये आन्हुई प्रांतातील न्यायालयाने एका लेखिकेला साडेदहा वर्षांची कैद सुनावली. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसारण नियामकांनी ‘बायकी’ पुरुषांना पडद्यावर थारा देऊ नये असे बजावले, आणि दानमेईवर आधारलेल्या, चित्रीकरण पूर्ण झालेल्या मालिकाही अडकून पडल्या.

तरीही मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट सरकारने सुरू केलेली नव्हती. वेई वूश्येन साकारणाऱ्या श्याओ चान याला स्त्रीरूपात रंगवणारी एक कथा ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या ऑनलाइन संग्रहावर आली, तेव्हा त्याच्याच काही चाहत्यांनी तिच्याविरुद्ध तक्रारी करण्याची मोहीम उघडली, आणि फेब्रुवारी २०२० अखेर तो संपूर्ण संग्रह चीनमध्ये दिसेनासा झाला. ‘वांगश्येन’ ही जोडी मनात धरून चिनी वाचकांनी लिहिलेल्या कितीतरी कथा त्याच संग्रहात होत्या.