उन्हाळ्याआधी कॉम्प्रेसरकडे एकदा नीट बघा

गेल्या उन्हाळ्यात आमचा वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर (हवा दाबून टाकीत भरणारं मशीन) दुपारी दोन वाजले की ट्रिप व्हायचा. सकाळी एकदम व्यवस्थित, आणि दुपारी काम ऐन भरात आलं की खट्ट करून ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त लोड आला की वीज तोडणारा स्विच) पडणार, मग अर्धा तास नुसतं बसून राहायचं. मला आधी मोटरचाच संशय आला. एकाने सांगितलं रिलेचं सेटिंग थोडं वाढव, ते मी केलं नाही आणि बरंच झालं, कारण रिले बसवलेलाच असतो मोटर वाचवायला, त्याचंच तोंड बंद केलं तर एक दिवस मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळणार हे नक्की.

खरं दुखणं सापडलं बेल्ट गार्ड काढल्यावर. आमचा टू स्टेज पिस्टनवाला आहे, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारा, त्यात दोन सायलेंडरच्या मधला जो इंटरकूलरचा, म्हणजे मधे हवा गार करणारा पाइप असतो त्याच्या फिन्समध्ये (उष्णता सोडणाऱ्या पातळ पत्र्यांमध्ये) तेलात भिजलेली धूळ इतकी घट्ट बसली होती की स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर घोंगडीच्या तुकड्यासारखी अख्खी पट्टी हातात आली. आणि फ्लायव्हीलची (बेल्टने फिरणाऱ्या मोठ्या चाकाची) बाजू भिंतीपासून जेमतेम चार बोटं! फ्लायव्हीलचे आरे पंख्यासारखे असतात, तेच सायलेंडरवर वारा मारतात, तर त्या फटीतून ते हवा ओढणार कुठून, तीच गरम हवा गोल गोल फिरत होती.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, ऊन मशीनला मारत नाही, मशीनची स्वतःची उष्णता बाहेर पडायला वाट नसते तेव्हा मशीन मरतं. मोटर जेवढी वीज खाते त्यातली बहुतेक सगळी शेवटी उष्णताच होते. आणि आत जाणारी हवा गरम असेल तर ती फक्त तेवढीच गरम बाहेर येत नाही, एकाच स्टेजमध्ये ७ बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) दाबली तर आत जाताना २० अंश जास्त असलेली हवा हिशेबाने बाहेर पडताना ३५ अंशांच्या आसपास जास्त गरम असते (कूलिंग धरलं नाही तर). शिवाय गरम हवा विरळ, २० अंशांची ४० झाली की पिस्टनच्या त्याच झटक्यात साधारण ६ टक्के हवा कमी भरते, म्हणजे टाकी भरायला वेळ जास्त, मशीन जास्त चालणार, अजून तापणार.

म्हणून यंदा ऊन वाढायच्या आधीच सगळं करून घेतलं. मेन स्विच बंद, टाकीचं प्रेशर शून्य, हेड (सायलेंडरचा वरचा भाग) पूर्ण गार, मगच हात लावायचा, यात घाई नको. फिन्स साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासल्या, पूर्ण सुकू दिल्या. पेट्रोल किंवा रॉकेलने अजिबात धुवू नका, विशेषतः फिल्टर आणि इनटेकच्या (हवा आत जाते त्या) बाजूला, त्याची वाफ आत ओढली गेली तर स्फोट होऊ शकतो. मशीन भिंतीपासून दीड फूट पुढे ओढलं. एअर फिल्टर झटकून चालला नसता इतका काळा होता, सरळ नवीन टाकला. बेल्टचा ताण बघितला, आणि फ्लायव्हील बाणाच्या दिशेनेच फिरतंय ना तेही, कारण थ्री फेजच्या वायरी उलट्या लागल्या तरी हवा भरतेच, पण पंखा उलटा वारा मारतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

ऑइलबद्दल दोन शब्द. जास्त गरम राहिलं तर प्रत्येक १० अंशांमागे त्याचं आयुष्य निम्मं होतं असं धरतात, आणि जळकं ऑइल डिलिव्हरी व्हॉल्व्हवर (दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेवर) कार्बन होऊन बसतं, मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि हेड अजून तापतं. म्हणून ऑइल बदलायचे ठरलेले तास भरायची वाट न बघता उन्हाळ्याआधीच बदललं, ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तोच, गाडीचं इंजिन ऑइल नाही.

पाण्याचं मात्र बहुतेक जण विसरतात, त्यांना वाटतं पाणी म्हणजे पावसाळ्याची भानगड. अहो, २० अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, ४० अंशांची ५१! दमट उन्हाळा असेल तर त्यातलं बरंचसं टाकीत गार होऊन तळाशी बसतं. परवा ड्रेन कॉक (टाकीच्या तळाचा पाणी सोडायचा नळ) उघडला तर आधी चहाच्या रंगाचं गंजलेलं पाणी, मग फेसाळ पांढरट, आणि मग कुठे कोरडी हवा. आता रोज काम संपलं की ड्रेन करतोच.

अजून एक, रिकामी टाकी फुल व्हायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. साफसफाईआधी ६ मिनिटं ४० सेकंद लागत होते, आता ५ मिनिटं ५०. मे महिन्यात दुपारी पुन्हा मोजणार आहे, आकडा फार वर सरकला तर आधी फिल्टर आणि मग व्हॉल्व्ह प्लेट (हेडखालची व्हॉल्व्ह बसवलेली पट्टी) उघडायची.