गाडी उभी, मग बाटली उघडी: कोल्हापूर ते गोवा, चार दिवसांची बीअरवारी

आम्ही चौघं. त्यातला पप्या थेंबही घेत नाही, म्हणून ही सहल झाली. निघायच्या आधीच ठरलं की स्टिअरिंग त्याच्याकडे, पेट्रोल आणि खोलीचं भाडं आमच्याकडे, आणि जेवायचं कुठे हे तो ठरवणार. तुमच्या टोळीत असा माणूस नसेल तर खालचं सगळं वाचा, पण गाडी एका जागी लावून टॅक्सीने फिरायचा हिशोब धरा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गोव्यात सगळं चालतं हा गैरसमज पुण्या-कोल्हापूरकडचाच आहे.

माझा मूळ बेत साफ चुकला होता. नकाशावर बारा ठिकाणी टिकल्या मारल्या आणि दिवसाला चार असा भागाकार केला. गोवा नकाशावर एवढासा दिसतो, पण संध्याकाळी उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्याच्या गल्ल्यांत शिरलं की दहा किलोमीटरला पाऊण तास सहज जातो. आणि तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जिभेला चव कळायची बंद होते. शेवटी तीनच मुक्काम ठेवले. सकाळी गाडी, दुपारी झोप, संध्याकाळी पायी जाता येईल तेवढंच.

आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडी, बांदा आणि तिथून सरळ पेडण्याला न जाता डावीकडे दोडामार्ग. हा फाटा मुद्दाम घेतला, कारण ‘मका दी’ ही बीअर ज्या गावात बनते ते लाटंबार्से डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या अंगाला आहे. ‘मका दी’ म्हणजे कोकणीत ‘मला दे’. कंपनीचं नावही गावावरूनच, लाटंबार्से ब्रुअर्स. बीच-बीच करत पोचणाऱ्यांना हा भाग माहीतच नसतो: काजूच्या बागा, खाणींची लाल धूळ आणि मराठी पाट्या. डिचोलीत आमच्या घरमालकीण काकू आमच्याशी मराठी, नवऱ्याशी कोकणी आणि कुत्र्याशी हिंदी बोलत होत्या. आम्ही बीअरसाठी आलोय म्हटल्यावर म्हणाल्या, “इतक्या लांबून? ती तर आमच्या दुकानातपण असते.”

खरं होतं. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्रुअरी म्हणजे कारखाना. पुण्यात २००९ साली डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून आपल्याला टाकीशेजारी बसून ग्लास भरून घ्यायची सवय लागली आहे. गोव्यातली बरीच क्राफ्ट बीअर, म्हणजे छोट्या ब्रुअरींची, मात्र बाटलीत किंवा कॅनमध्ये भरून बाहेर पडते. आधी फोन करून भेट ठरली तरच आत जाता येतं. आम्ही एका ठिकाणी फोन न करता गेलो आणि गेटवरच्या मामांकडून रस्ता विचारून परत फिरलो. चूक आमचीच.

मग काकूंच्या व्हरांड्यात ‘मका दी’च्या बाटल्या मांडल्या. क्रम महत्त्वाचा: आधी बेल्जियन ब्लांश, म्हणजे गव्हाची, धने आणि संत्र्याच्या सालीच्या वासाची. मग मधाची हनी एल, मग केलर, म्हणजे न गाळलेली. कडक ट्रिपेल सगळ्यात शेवटी, कारण ती गोड बोलून पाय ओढते. सच्याने पहिल्याच फेरीत ट्रिपेल उघडली. पुढच्या तिन्ही बीअरना तो ‘पाणी आहे राव’ म्हणत राहिला. माझं मत विचाराल तर ब्लांश आणि काकूंनी तळलेले बांगडे, बाकी सगळं नंतर.

बाटली घेताना भरल्याची तारीख बघा. विशेषतः आयपीएची, म्हणजे भरपूर हॉप्सच्या कडवट बीअरची. हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, वास सगळ्यात आधी उडतो आणि मागे नुसता कडूपणा उरतो. मोठ्या दारूच्या दुकानापेक्षा जिथे माल लवकर खपतो ते दुकान बरं. फ्रिजमधलीच मागा. उन्हात शोकेसमध्ये मांडलेली नको.

दुसरी चूक शुक्रवारी झाली. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बघायला गाडी उन्हात लावली आणि डिकीत सहा बाटल्या. पप्या चोरीसाच्या (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) माळा आणि पोई हा गोव्याचा पाव घेत तीन तास हिंडला. संध्याकाळी पहिली बाटली उघडली तर निम्मी फेसातच गेली, उरलेली मिळमिळीत. बर्फाची पेटी न्या, नाहीतर विकतच घेऊ नका.

दुसरा मुक्काम सांगोल्ड्याला, गोवा ब्रुइंग कंपनीच्या गावात. त्यांची ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए अंजुण्याच्या एका जुन्या हिप्पीच्या नावाची आहे. हा अमेरिकन माणूस २०१० साली गोव्यातच वारला, आणि अंजुण्याच्या बुधवारच्या बाजाराच्या सुरुवातीशी त्याचं नाव जोडलं जातं. ही बीअर तळलेल्या चोरीसाबरोबर घ्या. तिखट, आंबट आणि कडू एकमेकांना बरोबर धरतात. रात्री चालत परतणार असाल तर टॉर्च हवाच. रस्त्याला फुटपाथ नाही आणि वळणावळणाला कुत्री.

टॅक्सीचं आधी बघून ठेवा. ओला-उबर इथे नाही. गोवामाइल्सचं ॲप आहे, पण आतल्या गावात रात्री उशिरा गाडी मिळेलच असं नाही. जो टॅक्सीवाला नेतो त्याच्याशीच परतीची वेळ आणि भाडं ठरवा. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचे ‘पायलट’ दिवसा एकट्या माणसाला उत्तम. आणि कॅन घेऊन किनाऱ्यावर बसायचा मोह टाळा, उघड्यावर पिण्याला दंड आहे.

शेवटचा मुक्काम पणजीत, मळा या भागात खोली घेऊन. तिथून सगळं पायी. फोंताइन्हास या जुन्या वस्तीतला जोसेफ बार म्हणजे गल्लीतली एक छोटी खोली, बसायला मोजकी जागा, लवकर जा. एप्रिल असल्यामुळे तिथे आम्ही बीअरशी बेइमानी केली. बोंडूच्या, म्हणजे काजूफळाच्या, रसाचा पहिला उतारा म्हणजे उर्राक, मार्च ते मेमध्येच मिळतो. लिमका, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून. दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक सरबतासारखा उतरतो आणि हिशोब नंतर मागतो. सकाळी पप्याने आम्हाला कॅफे टाटोत नेऊन पातळ भाजी खायला घातली, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

परत येताना एकही भरलेली बाटली घेऊ नका. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, दोन बाटल्या असल्या तरी, आणि दुकानाची पावती कामाला येत नाही. बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आमची गाडी थांबवली. डिकीत आमसुलं, काजू, चोरीस आणि दिग्याची वही. तो लेबलं जमवतो. बाटल्या रात्रभर बादलीत भिजवल्या की सकाळी अलगद निघतात, तशी चार दिवसांची चौदा लेबलं चिकटवलेली. साहेबांनी वही उघडली, पान उलटलं, आणखी एक उलटलं.

“आणि बाटल्या?”

“पणजीच्या भंगारवाल्याकडे, साहेब.”

त्यांनी एडीच्या पानावर बोट ठेवलं. “ही कडू असते म्हणे?”

पप्याकडे बघून दिग्या म्हणाला, “ड्रायव्हरला विचारू नका, त्याला ठाऊक नाही.” साहेबांनी वही मिटून परत दिली आणि मागच्या गाडीला पुढे बोलावलं.