फोर्ट स्मिथ : जज पार्करच्या कोर्टात एक दिवस

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिलला वॉलमार्टच्या कामासाठी आलेली मराठी मंडळी ओझार्कचे डोंगर पालथे घालतात, पण दीड तासावरच्या फोर्ट स्मिथला फारसं कुणी फिरकत नाही. आम्ही ऑक्टोबरात गेलो. आय-४९ महामार्गाने दक्षिणेकडे निघालं की बॉस्टन माउंटन्समधून रस्ता जातो, मध्ये बोगदाही लागतो. झाडांचे रंग बघायचे तर हाच महिना धरा. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे नागपूरसारखं ऊन आणि वर मुंबईचा घाम. गाडी हवीच, तिच्याशिवाय फिरता येणार नाही.

बहुतेक पर्यटक इथल्या जुन्या कोर्टाच्या आवारातल्या फाशीच्या चबुतऱ्यासमोर फोटो काढतात आणि निघतात. माझं ऐका, चबुतरा शेवटी ठेवा. तसाही तो नव्याने बांधलेला आहे, मूळचा १८९७मध्ये पाडून टाकला. आधी कोर्ट जिथे भरायचं त्या जुन्या लष्करी बराकीच्या इमारतीत शिरा, कारण जज आयझॅक पार्कर हा माणूस तिथे कळतो.

पार्कर मूळचा ओहायोचा. मिझुरीत त्याने वकिली केली, १८७१ ते १८७५ काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) बसला आणि मग राष्ट्राध्यक्ष ग्रँटने अवघ्या ३६ वर्षांच्या या वकिलाला इथे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा न्यायाधीश नेमलं. नदीपलीकडचं आजचं ओक्लाहोमा तेव्हा इंडियन टेरिटरी होतं. तिथल्या चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक या मूळ अमेरिकन जमातींची आपापली न्यायालयं होती, पण बाहेरून घुसलेल्या गोऱ्या गुन्हेगाराला हात लावायचा त्यांना अधिकार नव्हता. साहजिकच खुनी, दरोडेखोर, चोरटी दारू विकणारे सगळे तिकडे पळायचे आणि त्यांचे खटले पार्करपुढे यायचे. २१ वर्षांत त्याच्यापुढे १३,४९० खटले आले. १६० जणांना त्याने फाशी सुनावली, त्यातले ७९ प्रत्यक्षात लटकले. ३ सप्टेंबर १८७५ला एकाच वेळी सहा जण, तेही हजारोंच्या गर्दीसमोर. त्यावरून ‘हँगिंग जज’ (फाशी देणारा न्यायाधीश) हे नाव पडलं. हाच माणूस पुढे म्हणाला की शिक्षा नक्की होणार असेल तर फाशी रद्द करायला माझी हरकत नाही. हे टोपणनाव छापलेले टी-शर्ट घेणाऱ्यांना त्याची खबर नसते.

कोर्टरूम १८८०च्या दशकात होती तशी मांडली आहे. तिच्या बरोबर खाली तळघरातला तुरुंग, तिथे मात्र सावकाश थांबा. दोनच खोल्या, दगडी भिंती, ठेंगणी छतं. लघवीची पिंपं जुन्या शेकोटीच्या कोनाड्यात ठेवायचे, म्हणजे वास धुराड्यातून वर जाईल! तो वर कोर्टातही पोचायचाच. खटला सुरू होईपर्यंत आरोपी महिनोन्‌महिने इथे कोंबलेले असत, आणि त्यांच्यात निर्दोष सुटणारेही होते. ॲना डॉझ या बाईंनी त्यावर लेख लिहून बोभाटा केला, तेव्हा १८८८मध्ये विटांचा नवा तुरुंग झाला.

गुन्हेगार पकडून आणणाऱ्या डेप्युटी मार्शलना पगार नव्हता. मैलाला ६ सेंट, अटकेचे २ डॉलर, आणि आरोपी झटापटीत मेला तर तेही बुडाले. गुलामगिरीत जन्मलेला बास रीव्ह्ज त्यांच्यातला नावाजलेला. त्याला वाचता येत नसे, म्हणून वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ करायचा. त्याचा घोड्यावरचा पुतळा जवळच्याच बागेत आहे.

पार्करच्या फाशीवर १८८९पर्यंत अपीलच नव्हतं, राष्ट्राध्यक्षांची दया एवढाच मार्ग. नंतर सुप्रीम कोर्टाने त्याचे बरेच निकाल फिरवले, तेव्हा त्याने वॉशिंग्टनशी जाहीर वाद घातला. माझ्या मते त्यात वरच्या कोर्टाची बाजू जड होती. एवढा अधिकार एका माणसाकडे देऊन वर दादच नाही, हे कुठल्याही वकिलाला खटकायला हवं. १ सप्टेंबर १८९६ला टेरिटरीवरचा त्याचा अधिकार संपला आणि नोव्हेंबरात तो गेला.

बराकीतून बाहेर पडलात की नदीकाठच्या पायवाटेने ‘ट्रेल ऑफ टिअर्स’च्या जागेपर्यंत चाला. घरादारातून हाकलून दिलेल्या जमाती १८३०च्या दशकात याच बाजूने पश्चिमेला गेल्या. सावली बेताचीच, पाणी आणि टोपी घ्या. लहान मुलं असतील तर चबुतरा टाळलात तरी चालेल. पार्करची कबर नॅशनल सेमेटरीत आहे, गाडीने काही मिनिटांवर.

यूएस मार्शल्स म्युझियम २०२३पासून नदीकाठीच उघडलं आहे. त्याचं तिकीट वेगळं आणि दोन-तीन तास सहज जातात, तेव्हा ते जेवणानंतर ठेवा. जेवायला गॅरिसन ॲव्हेन्यूवर बरंच काही मिळतं, पण शाकाहाऱ्यांनी डबा बरोबर नेलेला बरा.