बर्नहॅमचे बीच, माणगावचे ऐन

रविवार, 2 नोव्हेंबर

जंगलात शिरलं की मान आपोआप वर जाते. इथे मात्र नजर आधी बुंध्यावरच अडते. लंडनच्या पश्चिमेला बर्नहॅम बीचेस नावाचं रान आहे, समुद्रकिनारा नव्हे, बीच हे झाडाचं नाव. तिथली जुनी बीचची झाडं माणसाच्या डोक्याच्या जरा वर एकदम संपतात आणि तिथून जणू दुसरीच झाडं सुरू होतात. बुंधा दोघातिघांनी मिळून कवेत घ्यावा एवढा. वर एक ओबडधोबड, गाठीगाठींचं डोकं, आणि त्या डोक्यातून पाच-सहा फांद्या सरळ आभाळात गेलेल्या, एकेक फांदी म्हणजे स्वतंत्र झाड म्हणून खपेल अशी.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाकीचे फोटो काढत होते आणि मला वाटलं, अरे, हे तर आमच्याकडच्यासारखं राबासाठी तोडलेलं झाड. आज एकटीच गेले, सावकाश बघायला, तरी तेच वाटलं.

रायगडात माणगावकडे आमच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर ऐनाची झाडं आहेत. भात लावायचं तर आधी आवण, म्हणजे भाताची रोपं हवीत, आवणाला राब भाजायला हवा, म्हणजे रोपांची जागा पाला-फांद्या जाळून तयार करायला हवी, आणि राबाला ऐनाच्या फांद्या हव्यात. थंडी सरता सरता आजोबा कोयता घेऊन झाडावर चढायचे आणि बारक्या फांद्या खाली टाकायचे. शेण, पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या, वर माती असे थर रचून उन्हाळ्यात ते सगळं पेटवायचं. ऐन उघडा-बोडका व्हायचा आणि पावसाळ्यात परत फुटायचा. शहरातून आलेले पाहुणे हळहळायचे, "काय ही झाडांची दशा!" आजोबांना त्याचं हसू यायचं. त्यांच्या आजोबांनीही तेच ऐन तोडले होते.

बर्नहॅमचे बीचही असेच तोडलेले. आजूबाजूच्या गावकऱ्यांची गुरं या रानात चरायची. झाड जमिनीलगत कापलं तर कोवळे फुटवे गुरं खाणार, म्हणून गुराचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर फांद्या तोडायच्या, सरपण न्यायचं, काही वर्षांनी परत यायचं. सुमारे 200 वर्षांपूर्वी दगडी कोळसा सहज मिळायला लागला आणि तोडणारे यायचे थांबले. आज ज्या जाडजूड फांद्यांखाली उभं राहून लोक 'निसर्ग निसर्ग' म्हणतात, त्या शेवटची कुऱ्हाड पडल्यानंतरच्या आहेत.

गंमत म्हणजे एरवी बीच काही फार जगणारं झाड नाही. दोन-अडीचशे वर्षांचा झाला की म्हातारा. पण इथले तोडलेले बीच 400 वर्षांच्या पुढे गेलेत. दर थोड्या वर्षांनी डोक्यावरचा भार उतरत राहिला, वारा धरायला फार काही उरलं नाही, म्हणून ते टिकले. आणि आता ते मोडताहेत ते तोडणं थांबल्यामुळे. बुंधा आतून पोकळ, वर दोन शतकांचं वजन. एका वादळात फांदी कलते आणि जाताना अर्धा बुंधा फाडून नेते. संगीतकार मेंडेलसोनच्या नावाने ओळखला जाणारा एक बीच इथे होता, तो 1990 च्या वादळात पडला. त्याचा एक तुकडा लंडनच्या बार्बिकन भागात नेऊन ठेवलाय.

एका पोकळ बुंध्यात डोकं घालून पाहिलं. आत सगळा तांबूस भुसा, बोटांनी चुरला तर ओलसर, वास कुबट पण वाईट नाही. वरच्या भोकातून उजेडाची एक तिरीप आत आली होती आणि तिच्यात एक कोळी कामात होता. बाहेरून साल अजून गुळगुळीत, करडी, हात लावला की गार. लाकूड खाऊन जगणारे दुर्मीळ भुंगे असल्या पोकळीत राहतात म्हणे, आणि या रानाला जे कायद्याचं संरक्षण आहे त्यात या सडक्या लाकडाचा मोठा वाटा आहे. खाली बीचच्या फळांची टरफलं पडली होती. चार पाकळ्यांसारखी उघडलेली, बाहेरून काटेरी, आतून मऊ. त्यातलं तिधारी बी खारींनी आधीच पळवलेलं.

शांतता म्हणाल तर आहे आणि नाही. स्लाउ शहर इथून जवळ, हीथ्रो विमानतळही फार लांब नाही, दर थोड्या वेळाने विमान जातंच. ते गेल्यावर पानं पडताना ऐकू येतात. बीचचं पान सुकल्यावर कडक होतं, त्यामुळे खाली येताना दोन-तीन फांद्यांना टकटक करत येतं. दिवाळीचा उरलेला चिवडा आणि थर्मासमधला चहा घेऊन मी एका ओंडक्यावर बसले होते, तेवढ्यात घरून नवऱ्याचा मेसेज, 'नवी मुंबईत पाऊस. टॉस लांबला.' महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत सोडून बाई झाडं बघायला गेली, हे त्याला सकाळपासून पचलेलं नव्हतं. म्हटलं, चला, पावसाने माझी बाजू घेतली.

हे रान वाचलं त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 1879 मध्ये ते विकायला निघालं होतं, बंगले बांधायला उत्तम जागा म्हणून. सर हेन्री पीक यांनी ते घेतलं आणि 1880 मध्ये सिटी ऑफ लंडनच्या, म्हणजे लंडनच्या जुन्या मध्यभागाच्या पालिकेच्या ताब्यात आलं. लंडनपासून 25 मैलांच्या आत मोकळ्या जागा घेऊन लोकांसाठी राखायची मुभा सिटीला नुकतीच, 1878 च्या कायद्याने, मिळाली होती. त्याच वर्षी लंडनच्या ईशान्येकडच्या एपिंग फॉरेस्ट या रानाचाही कायदा झाला. तिथल्या लाउटन गावाला सरपणासाठी फांद्या तोडायचा जुना हक्क होता. 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री पहिली फांदी तोडली पाहिजे, नाहीतर हक्क बुडतो, असं लोक मानायचे. रान कुंपणात घालणाऱ्या जमीनदारापुढे हा हक्क बजावल्याबद्दल विलिंगेल नावाच्या घरातल्या लोकांनी तुरुंग भोगला. शेवटी रान वाचलं, पण तोडायचा हक्क भरपाई देऊन संपवला. त्या पैशातून गावाने सभागृह बांधलं, 1884 चं. त्याचं नाव चक्क 'लॉपिंग हॉल', म्हणजे फांद्या तोडण्याचं सभागृह.

आणि नेमक्या त्याच दशकात आमच्याकडे काय चाललं होतं? ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावरून शेतकरी आणि जंगल खातं यांची जुंपली होती. तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं, त्याचा अहवाल 1887 चा. जंगल खात्यातल्या अनेक साहेबांच्या लेखी राब म्हणजे झाडांचा छळ. माणगाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यातच. माझ्या खापरपणजोबांना कोणी विचारायला आलं होतं का, कोण जाणे. साहेबाच्या देशात मात्र आता त्याच छळासाठी माणसं पगारावर आहेत, कमरेला दोर बांधून झाडावर चढणारी.

कारण आता जुन्या बीचचा भार उतरवावा लागतो, तोही फार जपून. एकदम सगळ्या फांद्या काढल्या तर एवढं म्हातारं झाड परत फुटत नाही, मरतं. म्हणून थोडं आत्ता, थोडं काही वर्षांनी, असं एका झाडाचं काम वर्षानुवर्षं चालतं. शिवाय उद्याच्या म्हाताऱ्या झाडांची सोय म्हणून कोवळ्या बीचची डोकीही आजच छाटून ठेवलीत. आधी हक्क काढून घ्यायचा आणि मग शंभर वर्षांनी त्याचं शास्त्र शिकायचं, याला काय म्हणावं? अर्थात तो हक्क शिल्लक असता तरी आज कोणी सरपणाला आलं असतं असं नाही. सगळ्यांच्या घरी गॅस आहे.

गुरंही परत आणलीत. फलकावर वाचलं की त्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात. ठरवलेली हद्द ओलांडायला लागली की पट्टा आधी वाजतो, तरी ऐकलं नाही तर हलका झटका देतो. आमच्या खोंडाच्या गळ्यातलं लोढणंच, फक्त बॅटरीवर चालणारं.

निघताना हिरव्या जॅकेटमधला एक कर्मचारी भेटला. तोडलेल्या फांद्यांचं काय करता, म्हणून विचारलं. पुष्कळशा इथेच पडू देतो, किड्यांसाठी, बुरशीसाठी, म्हणाला. मी त्याला राब सांगायचा प्रयत्न केला. फांद्या तोडतात इथपर्यंत तो खुशीत मान हलवत होता. पुढे त्या पेटवतात म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला.

खरं तर आमच्याकडेही आता कोण पेटवतंय? भाऊ युरियाची गोणी आणतो. झाडावर चढणारं माणूस गावात उरलेलं नाही, तरुण पोरं पनवेलला, वाशीला. वरकसावरचे ऐन आता मोकाट वाढलेत. त्यातले दोन गेल्या वर्षी परवानगी काढून ठेकेदाराला दिले, सरळ बुंध्यापासून. आजोबा असते तर दशा म्हणजे काय, ते पाहुण्यांना तिथे नेऊन दाखवलं असतं त्यांनी.

संध्याकाळी आईला फोन लावला. आज तुळशीचं लग्न लावून, ऊस-आवळे वाटून झाले होते आणि तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले तरी घर मॅचपुढे जागं होतं. तिला बीचच्या झाडांचं सगळं सांगितलं. तोडणं कसं थांबलं, आता परत कसं तोडतात, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तोडलेल्या फांद्या?"

"तिथेच टाकून देतात, आई. किड्यांना."

"म्हणजे भाजत नाहीत, चुलीत घालत नाहीत, काही नाही? मग त्या माणसांना पगार कोण..."

तेवढ्यात अमनजोतच्या हातात उडत-उडत दक्षिण आफ्रिकेच्या वॉल्वार्टचा झेल बसला, माणगावच्या घरात एकच ओरडा झाला आणि आईने फोन तसाच टीव्हीपाशी ठेवून दिला.